पोटातला गॅस, माइकवरची हवा!

गच्च फुगलेलं पोट आणि उगाच फुगवलेलं भाषण, दोन्हींना इंग्रजीत एकच विशेषण लागतं, माहीत आहे का? 'फ्लॅच्युलन्ट'! हरभऱ्याची उसळ चापल्यावर जे होतं ते फ्लॅच्युलन्स. आणि तासभर माइक न सोडणाऱ्या पाहुण्यांचं शब्दबंबाळ, आतून पोकळ भाषण? तेही फ्लॅच्युलन्टच!

मूळ लॅटिन. 'फ्लारे' म्हणजे फुंकणं. 16व्या शतकाच्या अखेरीस शब्द इंग्रजी पोटात शिरला आणि 17व्या शतकात थेट जिभेवर चढला. काय प्रमोशन!

आता खानदान बघा. फुगा फुगवणारं 'इन्फ्लेट' याच घरातलं. 'इन्फ्लेशन' सख्खं भावंड, आणि आपणही त्याला चलनफुगवटाच म्हणतो की! ओव्हनमधून टम्म फुगून येणारं फ्रेंच सुफ्लेसुद्धा याच फुंकरीचं. पण सगळ्यांत भारी नातेवाईक 'अफ्लेटस', म्हणजे दैवी प्रेरणा. रोमचा वक्ता सिसेरो तर म्हणायचा, देवाची ही फुंकर लागल्याशिवाय कुणी थोर होतच नाही. एकाच मुळातून गॅसही आणि प्रतिभाही! मला हा शब्द आवडतो तो यासाठीच.

अर्थाने शेजारी असलेले शब्दही झकास आहेत. 'पॉम्पस' म्हणजे बडेजाव करणारा; त्याच्या मुळाशी ग्रीक मिरवणूक. म्हणजे पॉम्पस माणूस अक्षरशः मिरवतो! 'बॉम्बास्ट' म्हणजे भपकेबाज भाषा. बॉम्बशी नातं शून्य, हा मुळात कापूस! 16व्या शतकात अंगरखे फुगवायला आत कोंबायचे तो.

आपल्याकडे? हवा डोक्यात जाते. मग गडी 'हवा करतो', आणि पडला की 'हवा निघते'. फुल सर्व्हिस!

वापरताना जपून हं. पोटाबद्दल बोललात तर डॉक्टर गोळी देतील. कुणाच्या लेखनाला 'फ्लॅच्युलन्ट' म्हणालात तर मैत्री संपलीच म्हणून समजा.

आणि गॅसवर करिअर? झालंय! 12व्या शतकात इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीच्या दरबारी रोलंड नावाचा विदूषक होता. नाताळात एक उडी, एक शिट्टी, एक पाद. बदल्यात सफकमध्ये जमीन!

पुढे 1892 मध्ये पॅरिसच्या मुलँ रूज या कॅबरेमध्ये जोसेफ प्युजोल हाच खेळ करायला उभा राहिला, तोही हाउसफुल्ल. मूळचा मार्सेयचा आणि पेशाने बेकर. म्हणजे फुगवण्याचा अनुभव आधीपासूनच होता!