साठपर्यंत मोजायचं कसं?

दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल तर न्यूमोनिया समजून लगेच उपचार सुरू करावेत, असा एक साधा नियम आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हे निदान गावच्या दाईच्या हाती द्यायचं ठरवलं, तेव्हा औषध होतं, नियमही होता. पण कित्येक दायांना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. मग मण्यांची एक छोटी चौकट तयार झाली, शेजारी मिनिटभरात रिकामं होणारं वाळूचं घड्याळ. बाळाचे दहा श्वास झाले की दाईनं एक मणी सरकवायचा; वाळू संपायच्या आत सहावा, लाल मणी सरकला तर औषध सुरू. यातला साठाचा आकडा बालरोगशास्त्राचा. दाईचं निदान डॉक्टरच्या निदानाशी कितपत जुळतं हे ताडून पाहणं संख्याशास्त्राचं काम. आणि शाळेचं तोंड न पाहिलेली दाई दहापर्यंत बिनचूक मोजते, हे कळायला तिच्या ओसरीवर बसावं लागतं. यातला एक दुवा निखळला असता तरी ती चौकट कुणाच्या उपयोगाची राहिली नसती.

जनआरोग्याचं संशोधन असं चालतं, आणि म्हणूनच त्याचं शिक्षण एका विद्याशाखेच्या चार भिंतींत होऊ शकत नाही, असं माझं ठाम मत आहे. डॉक्टर समोरच्या माणसाला विचारतो, तुला काय होतंय? जनआरोग्याचा अभ्यासक विचारतो, याच वस्तीत, याच हुद्द्याच्या माणसांत हे जास्त का होतंय? लंडनमध्ये 1967 साली सुरू झालेल्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासात सुमारे 18 हजार सरकारी नोकर तपासले गेले. सगळे पुरुष, सगळे पगारदार, सगळ्यांना सरकारी आरोग्यसेवा मोफत. तरीही शिपाई आणि दरवान यांचं हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघालं. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हिशेबात धरूनही या तफावतीचा मोठा भाग उलगडेना. मग पुढच्या अभ्यासात संशोधक कामाच्या स्वरूपाकडे वळले, माणसाच्या हाती स्वतःच्या कामाचे निर्णय किती असतात, हे विचारू लागले. हृदयरोगाच्या पुस्तकात हा प्रश्नच नव्हता. पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 साली गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला, तेव्हा मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या सोबत आहाराचे अभ्यासकही होते. त्यांनी ताटातल्या अन्नासोबत शेतातलं काम आणि पाणी भरण्याचे कष्टही मोजले. कष्ट जास्त, तिथं बाळ लहान, असं दिसलं. नुसती भाकरी मोजली असती तर डोईवरचा हंडा नोंदीत आलाच नसता.

बीडच्या ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न या दृष्टीनं पुन्हा पाहण्यासारखा आहे. 2019 मध्ये राज्य सरकारच्या समितीच्या कामातून 82 हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली; त्यांतल्या 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे जवळपास दर सहा जणींत एक. देशात 15 ते 49 वयाच्या बायकांत हे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास आहे. दोन्हीकडचे वयोगट सारखे आहेत का, हे संख्याशास्त्रज्ञ आधी विचारेल आणि ते योग्यच आहे. शस्त्रक्रियेची गरज होती का, हे स्त्रीरोगतज्ज्ञ सांगेल. पण नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, त्या कोयत्यावर मुकादमाकडून घेतलेली उचल, पाळीच्या दुखण्यानं एक दिवस घरी राहिलं तर कापला जाणारा खाडा, फडाशेजारच्या खोपीत नसलेलं न्हाणीघर, हे सगळं मांडल्याशिवाय तो आकडा बोलत नाही. ते मांडायला मजुरीचं अर्थशास्त्र लागतं आणि बायकांची भाषाही लागते. प्रश्नावलीत ‘योनिस्राव होतो का’ असं छापलं तर समोरून ‘नाही’ येईल. ‘अंगावरून पांढरं जातं का’ म्हटलं तर बाई बोलू लागेल. चुकीच्या शब्दामुळे आलेलं ‘नाही’ कुठल्याही संगणकाला नंतर दुरुस्त करता येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की हे म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या. चार विषय शिकवायला जाल आणि एकही पक्का होणार नाही; त्यापेक्षा चार पक्क्या तज्ज्ञांची समिती नेमावी. आक्षेप खरा आहे, म्हणून एक विषय पक्का हवाच. पण समितीत प्रत्येक जण आपापलं प्रकरण लिहून मोकळा होतो. संख्याशास्त्रज्ञाकडे तर बहुधा माहिती गोळा झाल्यावरच फाइल जाते, प्रश्न बदलण्याची वेळ तेव्हा उलटून गेलेली असते. दुसऱ्याचा प्रश्न समजण्याची सवय तरुणपणीच लागावी लागते: दोन विद्याशाखांचे दोन मार्गदर्शक, डॉक्टर आणि समाजशास्त्राचा विद्यार्थी एकाच गावात काही महिने, आणि एकानं लिहिलेली प्रश्नावली दुसऱ्यानं खोडलेली. तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन केंद्र, दिल्लीत जेएनयूचं सामाजिक वैद्यकाचं केंद्र, मुंबईत टिस, अशी अशा शिक्षणाची ठिकाणं देशात आहेत. पण एवढ्या मोठ्या देशाला ती पुरणारी नाहीत.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरची जागा रिकामी असताना संशोधक कसले घडवता? रिकाम्या जागा भरायलाच हव्यात, त्यासाठी कुठल्याही संशोधनाची वाट पाहू नये. पण गडचिरोलीच्या 39 गावांत 1993 ते 95 या काळात हजारी 62 नवजात बाळं दगावत होती. गावातल्याच थोडंबहुत शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केल्यावर 1997-98 मध्ये तो आकडा 25.5 वर आला. शेजारच्या गावांशी तुलना करून हे पद्धतशीर सिद्ध झालं होतं, म्हणून 2011 मध्ये केंद्र सरकारनं गावोगावच्या ‘आशा’ आरोग्यसेविकांमार्फत घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर घेतला. नुसतं चांगलं काम म्हणून ते त्या 39 गावांतच राहिलं असतं.

राहिला नोकरीचा प्रश्न. दोन विषयांत पाय ठेवणाऱ्या मुलीला मुलाखतीत विचारतात, तू नक्की कुठल्या विभागाची? तिच्यासाठी काम मात्र पडून आहे. आज गावोगावच्या आशा जन्म, मृत्यू, वजनं, लसी वहीत लिहितात, दर महिन्याला त्याची बेरीज वर जाते. कुठल्या पाड्यावर बाळं जास्त दगावली आणि का, हे त्या बेरजेत विरून जातं. साथ आली की धावणारा साथरोगतज्ज्ञ जिल्ह्याला मिळतो. त्याच्या जोडीला आकडेही कळणारा आणि पाड्यावर जाऊन बसणाराही एक माणूस जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाच्या आकृतिबंधात घालता येईल. तसं पद मंजूर झालं, तर विद्यापीठांना अभ्यासक्रम काढायला वेगळं सांगावं लागणार नाही.