बाळाचा एक हात हलत नसेल तर…



बाळ रडलं, अंगावर प्यायलं, सगळं ठीक. पण अंघोळ घालताना लक्षात येतं की ते एकच हात उचलतंय. दुसरा अंगाला चिकटून लुळा पडलाय, आत वळलाय. मग वस्तीत कारणं निघतात: हात अंगाखाली आला, मालिशवालीनं मुरगाळला, नजर लागली. दवाखान्यातून घरी पाठवताना सांगितलेलं असतं, 'मालिश करा, होईल सरळ.' या एका वाक्यापायी सहा-सहा महिने वाया गेलेली बाळं आम्ही पाहिली आहेत.

खांद्यापासून बोटांपर्यंत हात हलवणाऱ्या पाच मोठ्या नसा मानेतून निघतात. बाळंतपणात कधी डोकं बाहेर येतं आणि खांदा आईच्या ओटीपोटाच्या पुढच्या हाडामागे अडकतो. तेव्हा डोकं धरून जोरानं ओढलं तर या नसा ताणल्या जातात, कधी तुटतातही. हजारात एक-दोन बाळांना अशी इजा होते. बाळ वजनदार असेल, आईला साखर असेल, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावला असेल, आधीच्या खेपेला खांदा अडकला असेल, तर धोका वाढतो.

बहुतेक बाळांचा हात काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतो. पण वाट बघायलाही हद्द आहे. तीन महिन्यांचं बाळ कोपर वाकवून हात तोंडाकडे नेत नसेल, तर मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नसांच्या शस्त्रक्रियेचे तज्ज्ञ गाठा. ही शस्त्रक्रिया साधारण तीन ते नऊ महिन्यांच्या वयात करतात. नंतर स्नायू वाळत जातात आणि फायदा कमी होतो. पंजाही लुळा असेल आणि त्याच बाजूची पापणी खाली आली असेल, तर तीन महिनेही थांबू नका. तोपर्यंत फिजिओथेरपीवाल्यांकडून हात फिरवायचा व्यायाम शिकून घ्या आणि रोज करा. त्याआधी गळ्याजवळचं हाड मोडलेलं नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. बाळाला हाताला धरून उचलू नका. मालिशवालीला हात ओढू देऊ नका, ती सख्खी आत्या असली तरी.

आता 'डॉक्टरांची चूक होती का?' हा प्रश्न. सरळ सांगतो: प्रत्येक लुळा हात निष्काळजीपणाचा नसतो. खांदा अडकेल हे दरवेळी आधी कळत नाही. अडकल्यावर हातात मिनिटंच असतात, नाहीतर बाळाचा जीव जातो. अशी इजा सिझरमध्येही झालेली आहे. पण प्रसूतीच्या खोलीत नोकरी केलेल्या आम्हाला हेही ठाऊक आहे की खांदा अडकल्यावर बाईच्या मांड्या पोटाकडे दुमडायच्या असतात आणि जांघेच्या हाडाच्या लगेच वर दाबायचं असतं. वरून पोटावर चढून दाबायचं नसतं. त्यानं खांदा आणखी घट्ट बसतो. तरी दाबतात, वर शिव्याही घालतात.

म्हणून विचारायचे प्रश्न हे: गरोदरपणात साखर तपासली होती का? डोकं कधी बाहेर आलं, पूर्ण बाळ कधी, हे लिहिलंय का? कोण हजर होतं? अडकलेला खांदा कसा सोडवला?

याची उत्तरं केसपेपरात असतात. डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. पूर्ण नोंदींची प्रत लेखी अर्ज देऊन मागा. अर्ज दोन प्रतींत करा, एकीवर पोच घ्या. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे मागणीनंतर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. सरकारी दवाखाना टाळाटाळ करत असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. आणि त्याच रात्री बाईनं स्वतःला आठवतं ते वहीत लिहून ठेवावं. वर्षभरानं सगळं धूसर होतं.

खासगी दवाखान्यात पैसे मोजले असतील तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली हा मार्ग पक्का केला. मुदत दोन वर्षांची. मात्र जिथं सगळ्यांवरच मोफत उपचार होतात त्या सरकारी दवाखान्याविरुद्ध हा आयोग चालत नाही. केसपेपरचे थोडे पैसे भरले म्हणून आपण ग्राहक ठरत नाही. तिथं दिवाणी न्यायालयात जावं लागतं. 'सरकारवर कुठं केस होते?' असं म्हणणाऱ्यांसाठी: औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ साली बाळंतपणानंतरच्या नसबंदीत एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती गेली. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली राज्य सरकारला जबाबदार धरलं. तेहतीस वर्षं लागली, हेही लक्षात ठेवा.

दाव्यात बहुतेक वेळा दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांचं मत लागतं. ते आधी मिळवा, मग खर्चात पडा. दवाखान्यात तोडफोड केली तर केस आपल्यावरच होते आणि कागद मिळायचे राहतात. 'टक्केवारीवर केस लढतो' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. वकिलांना तशी फी घ्यायला मनाई आहे. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रिया, मुलं आणि अनुसूचित जातींना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफीचे कागद, बाळाचा जन्मदाखला आणि ती वही सोबत न्या.