उद्याची चिंता सोडा, असं सांगणारा ख्रिस्ती विश्वास नेमकं काय करायला सांगतो?

3 जून 2020. देशभर कोरोनाची धास्ती होती आणि त्यातच भर दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धनमध्ये घरांवरची कौलं आणि पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले आणि माड-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या भुईसपाट झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली आहे, पण पोफळ लावल्यापासून सुपारी हातात यायला सहा-सात वर्षं सहज जातात. सरकारनं फळबागांची मदत वाढवून हेक्टरी 50 हजार रुपये जाहीर केली. आकडा ऐकायला बरा वाटतो, पण इथल्या बहुतेक वाड्या गुंठ्यांत मोजल्या जातात. हिशोब केला तर गुंठ्याला साधारण 500 रुपये.

अशा माणसाला कुणी सांगितलं की, बाबा रे, उद्याची चिंता करू नकोस, तर?

हा सल्ला ख्रिस्ती धर्मात फार जुना आहे. व्हॉट्सॲप स्टेटसवर, रील्सवर सूर्योदयाच्या फोटोसोबत तो फिरत असतो. तसा वाचला तर तो दिलाशापेक्षा टोमण्यासारखाच वाटू शकतो. म्हणून तो मुळात कुठून आला आणि महाराष्ट्रात तो कुणी जगून पाहिला, हे बघायला हवं.

मूळ सल्ला काय आहे?

बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूचं डोंगरावरचं प्रवचन आहे. त्याच्या सहाव्या अध्यायात चिंतेचा विषय निघतो. पाखरं पेरणी-कापणी करत नाहीत तरी त्यांना खायला मिळतं, रानफुलं सूत कातत नाहीत तरी ती राजापेक्षा देखणी दिसतात, मग देव तुम्हाला विसरेल का, असा एकूण रोख. समोर बसलेले लोक खाऊनपिऊन सुखी नव्हते. रोमन सत्तेखाली राबणारी, कर भरणारी साधी माणसं होती ती. आज काय खायचं, हा त्यांचा खराखुरा प्रश्न होता.

याच अध्यायात थोडं आधी येशूनं शिकवलेली प्रार्थना आहे, आणि तिच्यात भाकर मागितली आहे ती फक्त आजची. महिन्याची नाही, वर्षाची नाही. चिंतेवरचा ख्रिस्ती उपाय समजून घ्यायचा तर इथून सुरुवात करावी. काळजीचा डोंगर एका दिवसाच्या मापाचा करायचा आणि तेवढाच उचलायचा.

पौलानं फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात याची पुढची पायरी येते. मनातली गरज देवाला स्पष्ट शब्दांत सांगा आणि सांगताना जे मिळालंय त्याचे आभारही माना, असं तो म्हणतो. हे पत्र त्यानं कैदेतून लिहिलंय. आणि चिंता वाटणं हेच पाप, असं समजणाऱ्यांनी गेथशेमाने बागेचा प्रसंग वाचावा. अटकेच्या आदल्या तासांत खुद्द येशू व्याकूळ झालेला दिसतो, हे संकट टळावं म्हणून विनवणी करतो.

दोन दुष्काळ आणि एक बाई

या विश्वासाची महाराष्ट्रातली सगळ्यात कडक परीक्षा बघायची तर किनारा सोडून घाटावर, दौंड तालुक्यातल्या केडगावला जावं लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आहे.

रमाबाईंना देवावरचा भरवसा ही गोष्ट नवी नव्हती. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान होते, कुटुंब तीर्थाटन करत आणि पुराणं सांगत देशभर फिरायचं. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात होतं नव्हतं ते दानधर्मात आणि व्रतांत संपलं. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मग मोठी बहीण. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. पुढे आत्मकथनात त्यांनी कडवटपणे लिहिलंय, की भीक मागायला आणि अंगमेहनत करायला कुलाचा अभिमान आड येत होता, आणि पोट भरण्याचं दुसरं कौशल्य कुणी शिकलेलंच नव्हतं.

1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. त्यासाठी अमेरिकेतून दहा वर्षांच्या मदतीची हमी होती. मग 1896-97 चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून उपाशी मुली, विधवा अशा सुमारे 300 जणींना घेऊन आल्या. यांच्या खर्चाची हमी कुणीच दिलेली नव्हती. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तर केडगावची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या तोंडांना रोज काय घालायचं? रमाबाईंवर इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचा प्रभाव होता. ठरलेलं उत्पन्न नसताना, प्रार्थनेच्या भरवशावर त्यानं अनाथाश्रम चालवले होते. रमाबाईंनी तोच रस्ता धरला, पण त्यात एक गोष्ट ठासून भरली. केडगावात विहिरी खणल्या, शेती केली. मुली विणकाम शिकल्या, तेलघाणा चालवू लागल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. संस्थेची पत्रकं छापून गरज काय आहे हेही जगाला मोकळेपणानं सांगितलं जायचं. वडिलांचा भरवसा आणि लेकीचा भरवसा यांतला फरक फक्त धर्माचा नव्हता. पहिल्यात हातांना काम नव्हतं. (हात बांधून बसणारी श्रद्धा कुठल्याही धर्मात सापडते, ख्रिस्ती धर्मातही.)

तरी दुःख चुकलं नाही. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाई तेव्हा बायबलचं मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. ते काम त्यांनी पूर्ण केलं आणि 5 एप्रिल 1922 ला त्या वारल्या.

मानसशास्त्र काय म्हणतं?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये धार्मिक माणसं संकटाला कशी भिडतात याचे तीन प्रकार मांडले. एक, सगळं माझं मीच बघतो. दोन, सगळं देवावर सोडून मी थांबतो. तीन, देव आणि मी मिळून करतो. यातल्या दुसऱ्या प्रकारात माणसाचा स्वतःवरचा विश्वास कमी दिसला, तिसऱ्यात जास्त. पुढच्या अभ्यासांत आणखी एक गोष्ट दिसली. हे संकट म्हणजे देवाची शिक्षा आहे, असं मानणाऱ्यांचा मानसिक त्रास जास्त असतो. त्यामुळे खचलेल्या माणसाला ‘तुझी श्रद्धाच कमी पडते’ म्हणणं हे निव्वळ असंवेदनशील नाही, तर घातक आहे.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मराठी बैठकांतही जी प्रार्थना म्हणतात, ती रेनहोल्ड निबूर या ख्रिस्ती धर्मचिंतकाच्या नावावर आहे. हातात नाही ते स्वीकारण्याची शांती, हातात आहे ते बदलण्याचं धैर्य आणि दोन्हींतला फरक ओळखण्याची समज, एवढंच तिच्यात मागणं आहे. ती म्हणणारे बहुतेक जण ख्रिस्ती नसतात.

श्रीवर्धनहून दिघीला जाऊन फेरीबोटीनं आगरदांड्याला उतरलं, की मुरूडच्या पुढे कोर्लई लागतं. पोर्तुगीज 1740 मध्ये इथून गेले, पण कोर्लईचं ख्रिस्ती गाव राहिलं, त्याची पोर्तुगीज-मराठी मिसळीतून घडलेली बोलीही राहिली. अशा गावात चिंता एकट्याची राहत नाही. जपमाळेची प्रार्थना घरात सगळे मिळून म्हणतात, आजाऱ्याचं नाव घेऊन प्रार्थना होते. मोबाइलवरच्या वचनात नेमका हाच भाग गळून जातो.

झोप उडाली असेल, छातीत धडधड थांबत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर प्रार्थनेसोबत डॉक्टरही हवा. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आणि श्रीवर्धनच्या वाडीवाल्याचं काय? वादळानंतर त्याच्या हातात होतं ते एवढंच: पडलेले बुंधे ओढून बाजूला करायचे, खड्डे घ्यायचे, पोफळीची रोपं लावायची आणि कोवळी पानं उन्हानं करपू नयेत म्हणून शेजारी केळ लावायची. 2020 च्या पावसाळ्यात लावलेल्या रोपाला सुपारी धरायची ती 2026-27 च्या सुमारास. मधली सगळी वर्षं पाऊस नसेल तेव्हा पाणी.