भीमा कुठे मिळते?

बंगळुरूतल्या हेब्बाळच्या उड्डाणपुलावरची वाहनं दिवसभर खिडकीतून ऐकू येतात, म्हणून धड्यांचं ध्वनिमुद्रण आम्ही रात्री उशिरा करतो. दिवसा तपासणी. सोलापूरकडचा आमचा एक सहकारी अंध आहे. मराठी ऑनलाइन धडे तो एनव्हीडीएवर ऐकून तपासतो. मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं २००६मध्ये सुरू केलेला आणि जेम्स तेह या अंध मित्रासोबत वाढवलेला हा मोफत स्क्रीन रीडर. त्यानं ठेवलेला वेग असा, की मला एक शब्द कळत नाही.

भूगोलाचा धडा छपाईच्या जुन्या फाइलमधून आला होता. पडद्यावर स्वच्छ मराठी, कानात मात्र रोमन अक्षरांची नि चिन्हांची खिचडी. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये ‘क’ नुसता दिसायला; आत साठवलेलं असतं भलतंच काही. मजकूर युनिकोडमध्ये आणला, तर गोदावरीच्या ‘खोऱ्यात’चं ‘खोर्यात’ झालं. मी दोनदा वाचूनही ते माझ्याकडून सुटलं होतं. त्यानं ऐकताक्षणी पकडलं.

खरा घोळ नकाशाचा. चित्र न दिसणाऱ्यांसाठी द्यायच्या वर्णनाच्या जागी ‘महाराष्ट्रातील नद्यांचा नकाशा’ एवढंच होतं. स्वयंचलित तपासणीत तो पासही झाला होता. वर्णन आहे की नाही, एवढंच ती बघते.

“मॅडम, हे तर शीर्षकातच आलंय. नकाशात काय आहे ते सांगा की!”

मग मी सविस्तर लिहिलं: गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते, कृष्णा महाबळेश्वरला, दोघी पूर्वेकडे वाहत बंगालच्या उपसागराला मिळतात. भीमा भीमाशंकरहून निघते आणि कर्नाटकात रायचूरजवळ कृष्णेला मिळते. त्यानं ऐकलं आणि हसला. “आता खालचा प्रश्न वाचा.” प्रश्न होता, भीमा कोणत्या नदीला मिळते? डोळस मुलानं रेघ धरून शोधायचं आणि अंध मुलाला उत्तर आयतं. “फुकटचे मार्क नकोत आम्हाला.”

वर्णन कमी करावं, असं आमच्यातल्या एकीचं मत पडलं. मला ते पटलं नाही. मग अंध मुलाच्या हाती नकाशाच राहत नाही. शेवटी प्रश्नच बदलला: भीमेचं पाणी अखेर कोणत्या समुद्रात जातं? आता दोघांनाही दोन दुवे जोडावे लागतात.

कर्णबधिर मुलांचा प्रश्न वेगळा. त्यांच्यासाठी व्हिडिओखाली मराठी ओळी दिल्या की झालं, असं बरेच जण धरून चालतात. ज्या मुलाची पहिली भाषा खुणांची, त्याला मराठी दुसरी. लांबलचक वाक्य त्याच्यासमोरून वाचण्याआधीच निघून जातं. म्हणून निवेदनाचीच वाक्यं तोडली. खुणा करणाऱ्या बाईंची चौकट कोपऱ्यातून काढून मोठी केली, कारण खुणांचा अर्थ बोटांइतकाच चेहऱ्यावरही असतो. त्यानं व्हिडिओ जड झाला आणि साध्या मोबाइलवर अडकू लागला. आता तो वेगळा, हवा असेल त्यानं उतरवून घ्यावा असा ठेवलाय.

माउस वापरता न येणाऱ्या मुलांसाठी ‘जोड्या लावा’मधलं माउसनं ओढणं काढून टाकलं, कळफलकावरून निवडता येईल अशी यादी दिली. खेळाची गंमत गेली, अशी शिक्षकांची तक्रार आहे, आणि ती खोटी नाही. ओढणंही ठेवून शेजारी यादी द्यावी का, यावर सध्या वाद चालू आहे.