विश्लेषण : वाढदिवसाला खेळ कोणते? लहान घरात कोणालाही 'बाद' न करता खेळता येणारे जुने डाव

कोपरखैरणेतल्या घरगुती वाढदिवसाचा क्रम आता जवळपास ठरलेला आहे. संध्याकाळी सहाला मुले जमतात, साडेसहाला केक कापला जातो, फोटो होतात, हातात वेफर्स आणि सामोशाची प्लेट येते. सात वाजतात आणि पुढचा तासभर पंधरा-सोळा मुलांचे करायचे काय, हा प्रश्न आई-बाबांपुढे उभा राहतो. काही घरांत मोबाइल बाहेर येतात, काही ठिकाणी पैसे मोजून सूत्रसंचालक बोलावला जातो. खरे तर जुनी वर्तमानपत्रे, दोन चमचे, चार बटाटे आणि एक ओढणी एवढ्या साहित्यावर हा तास आनंदात जाऊ शकतो. त्यासाठी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. खेळ जागेला साजेसा निवडायचा आणि 'बाद' होण्याचा नियम थोडा बदलायचा.

जागेची अडचण नेमकी काय?

कोपरखैरणे हा सिडकोने वसवलेला भाग. मुंबईतील घाऊक बाजार १९८० च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने तुर्भे-वाशी परिसरात आले. त्या बाजारांत राबणाऱ्या अनेक माथाडी कुटुंबांची घरे इथे आहेत. सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांतून आलेली ही माणसे. शेजारी कोपरखैरणे, बोनकोडे, खैरणे ही आगरी-कोळ्यांची मूळ गावे. या सगळ्यांच्या आधीच्या पिढ्या विटी-दांडू, लगोरी, सूरपारंब्या खेळल्या त्या अंगणात, खळ्यावर, देवळासमोरच्या पटांगणात.

आता वाढदिवस होतो तो बैठ्या घराच्या पुढच्या खोलीत किंवा इमारतीतल्या हॉलमध्ये. गल्लीत दोन्ही बाजूंना दुचाकी उभ्या असतात. जून ते सप्टेंबर पाऊस, म्हणजे बाहेरचा पर्याय जवळपास बंद. समजा, खोली दहा बाय बारा फुटांची आहे. पलंग आणि कपाट धरूनही तिचे क्षेत्रफळ १२० चौरस फूट. सोळा मुले आली तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेसात चौरस फूट जागा येते. एवढ्या जागेत पळापळीचा खेळ सुरू केला, तर पाच मिनिटांत कोणीतरी कपाटावर आदळणारच. म्हणून जागा पाहून खेळ निवडणे हे पहिले काम.

'बाद' झालेले मूल काय करते?

संगीत खुर्चीचेच उदाहरण घ्या. १६ मुले, १५ खुर्च्या. प्रत्येक फेरीत एक मूल बाद, म्हणजे विजेता ठरायला १५ फेऱ्या. एका फेरीला एक मिनिट धरले तर पहिल्याच फेरीत बाद झालेले मूल पुढची १४ मिनिटे भिंतीला टेकून बसते. सोळा मुलांची मिळून २४० मिनिटे होतात. त्यांतली १०५ मिनिटे कोणी ना कोणी नुसते बसून काढते. शिवाय आधी बाद होतात ती बहुतेक वेळा वयाने लहान, हळू चालणारी किंवा लाजरी मुले, म्हणजे ज्यांना खेळात ओढण्याची सर्वांत जास्त गरज असते तीच.

मोकळ्या मैदानात हा नियम इतका टोचत नाही. तिथे डाव मोठा असतो, बाद झालेली मुले बाजूला दुसरा डाव मांडतात. बंद खोलीत बाजूच नसते. रिकामी बसलेली मुले मग फुगे फोडतात, केकच्या डब्यात बोट घालतात, भांडतात. वाढदिवसाच्या घरातला बराच गोंधळ इथूनच सुरू होतो.

संगीत खुर्ची कशी बदलता येईल?

जर्मन भाषेत या खेळाला 'जेरुसलेमची यात्रा' अशा अर्थाचे नाव आहे. खेळ जगभर तोच, नियम मात्र हवा तसा वाकवता येतो. घरात पंधरा खुर्च्या नसतातच. त्याऐवजी जमिनीवर वर्तमानपत्राची आठ-दहा पाने पसरायची. ही झाली 'बेटे'. गाणे सुरू असताना मुलांनी भोवती चालायचे, गाणे थांबले की कोणत्या तरी बेटावर उभे राहायचे. एका बेटावर कितीही जण चालतील.

दर फेरीला एक पान उचलायचे, मूल मात्र कोणीच बाद करायचे नाही. शेवटी दोन-तीन पानांवर सोळा जणांना मावायचे असते. एकमेकांना धरून, एका पायावर, कडेवर घेऊन मुले मार्ग काढतात. सगळे मावले तर सगळे जिंकले. फरशी गुळगुळीत असेल तर कागद सरकतो, म्हणून पानांचे कोपरे चिकटपट्टीने चिकटवावेत आणि मुलांचे मोजे काढायला सांगावेत.

गाणी आधीच फोनमध्ये उतरवून ठेवलेली बरी. ऐन वेळी जाहिरात लागली की डाव मोडतो. स्पीकर नसेल तर फोन रिकाम्या स्टीलच्या पातेल्यात ठेवावा, आवाज बऱ्यापैकी वाढतो.

पार्सलचा खेळ सगळ्यांपर्यंत कसा पोहोचवायचा?

गोल करून बसायचे आणि उशी फिरवायची, गाणे थांबेल तेव्हा ज्याच्या हातात उशी तो बाद, अशी या खेळाची आपल्याकडची ओळख. त्याचे जुने रूप अधिक गोड आहे. एक छोटी भेट वर्तमानपत्रात गुंडाळायची. तिच्यावर दुसरा कागद, मग तिसरा. जितकी मुले तितके थर. प्रत्येक थरात एक चिठ्ठी आणि एक गोळी किंवा खोडरबर ठेवायचा.

गाणे थांबले की ज्याच्या हातात पार्सल असेल त्याने एकच थर उघडायचा, गोळी ठेवून घ्यायची आणि चिठ्ठीतले काम करायचे. कामे सोपी हवीत : मांजरासारखे ओरडून दाखव, रिक्षावाल्या काकांसारखे 'वाशी, वाशी' म्हण, आजीला नमस्कार करून ये. मग पार्सल पुढे. गाणे थांबवणाऱ्या मामाने किंवा मावशीने पाठ फिरवायची नाही, मुलांकडे बघत राहायचे. ज्याची पाळी अजून आली नाही त्याच्या हातात पार्सल आले की गाणे थांबवायचे. ही लबाडी मोठ्यांनी बिनधास्त करावी.

लिंबू-चमचा खोलीत जमतो का?

जमतो, दोन बदल करून. सरळ शर्यतीला लांबी लागते, म्हणून मुलांचे दोन संघ करायचे. खोलीच्या टोकाला दोन स्टूल ठेवायचे. स्टुलाला वळसा घालून परत यायचे आणि चमचा पुढच्याच्या हातात द्यायचा. बारा फुटांच्या खोलीतही हे होते. लिंबू पडले तर जिथे पडले तिथून उचलून पुढे निघायचे.

दुसरा बदल सुरक्षिततेचा. तोंडात चमचा धरून मूल पडले तर घशाला किंवा टाळूला इजा होऊ शकते. त्यामुळे चमचा हातातच असावा. लहानांना लिंबाऐवजी छोटा बटाटा द्यावा, तो कमी घरंगळतो.

आंधळी कोशिंबीर घरात खेळावी का?

हा खेळ किती जुना आहे, याची साक्ष चित्रांतही मिळते. पीटर ब्रुगेल या चित्रकाराने १५६० मध्ये मुलांच्या खेळांवर एक मोठे चित्र रंगवले. ते आता व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. त्यातल्या ऐंशीहून अधिक खेळांत डोळे बांधून पकडण्याचा खेळही आहे.

टीव्हीचा कोपरा आणि काचेचा टीपॉय असलेल्या खोलीत मात्र पळापळीची आंधळी कोशिंबीर नको. तिचे बैठे रूप घ्यावे. राज्य असलेल्याचे डोळे ओढणीने बांधायचे आणि त्याला मधोमध बसवायचे. भोवतीच्या मुलांपैकी एकाने आवाज बदलून त्याचे नाव घ्यायचे. कोणी हाक मारली ते ओळखले तर राज्य त्याच्यावर. डोळे बांधून घ्यायला घाबरणाऱ्या मुलाला जबरदस्ती करू नये, त्याने डोळ्यांवर हात ठेवले तरी चालते.

कोणत्या वयाला कोणता खेळ?

तीन ते पाच वर्षे : तळ्यात-मळ्यात, स्टॅच्यू, मामाचं पत्र हरवलं, फुगा जमिनीवर पडू न देता सगळ्यांनी मिळून हवेत ठेवणे. एक खेळ पाच-सात मिनिटांपेक्षा लांबवू नये. तळ्यात-मळ्यात खेळताना चुकलेल्याने एक उडी जास्त मारायची आणि पुन्हा रांगेत यायचे.

सहा ते आठ वर्षे : वर्तमानपत्राची बेटे, थरांचे पार्सल, लिंबू-चमचा, खोलीत लपवलेल्या वस्तू शोधणे. या वयात नियमांवरून भांडणे होतात. म्हणून खेळ सुरू होण्यापूर्वी नियम एकदाच, मोठ्याने सांगावा.

नऊ ते बारा वर्षे : चित्रपटाचे नाव हावभावांनी ओळखण्याचा दमशेराज, अंताक्षरी, नाव-गाव-फळ-फूल, चिठ्ठ्यांवरून खजिना शोधणे. याच वयाला ताटातल्या वस्तूंचा खेळही आवडतो. ताटात वाटी, किल्ली, वेलदोडा, बटण, रिमोट अशा पंधरा वस्तू ठेवायच्या, मिनिटभर दाखवून वर रुमाल झाकायचा आणि आठवतील तेवढ्या लिहायला सांगायच्या. रुडयार्ड किपलिंगच्या १९०१ मधील 'किम' या कादंबरीवरून हा खेळ स्काउटच्या मुलांमध्ये रुळला. मुले दमली असतील किंवा खाली राहणाऱ्यांना आवाजाचा त्रास होत असेल, तेव्हा तो उपयोगी पडतो.

मागे राहणाऱ्या मुलाचे काय?

याचे उत्तर मराठी गल्लीने फार पूर्वी शोधले आहे : 'कच्चे लिंबू'. दादा-ताईच्या मागे आलेल्या लहानग्याला खेळात घ्यायचे, पळू द्यायचे, पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचे नाही. त्याला अपमान वाटत नाही आणि डावही मोडत नाही. वाढदिवसाला वेगवेगळ्या वयांची मुले येतात, तेव्हा हा नियम आधीच जाहीर करावा. 'टाइम प्लीज'चीही सोय हवी. दमलेल्या मुलाला थांबता आले पाहिजे आणि परत येताही आले पाहिजे.

व्हीलचेअरवरचे, कमी ऐकू येणारे किंवा गर्दीने बावरणारे मूल येणार असेल तर त्याच्या पालकांना आदल्या दिवशीच विचारून घ्यावे. कमी ऐकू येत असेल तर गाणे थांबवताना हातातला रुमालही उंच करावा. बावरणाऱ्या मुलाला गाणे थांबवण्याचे काम द्यावे. ते खेळात असते आणि गर्दीत ओढले जात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या ३१व्या कलमात खेळ हा प्रत्येक मुलाचा हक्क मानला आहे. भारताने १९९२ मध्ये ही संहिता स्वीकारली.

बक्षीस कोणाला?

एकाच मुलाला मोठे बक्षीस दिले की बाकीच्यांचे चेहरे पडतात. संघाचे खेळ असतील तर बक्षिसाऐवजी टाळ्या आणि एकेक गोळी पुरते. जाताना सगळ्यांना सारखीच भेट द्यावी : पेन्सिल, छोटी वही, चेंडू किंवा झेंडूच्या बियांची पुडी. ज्याचा वाढदिवस आहे त्यालाच मुद्दाम जिंकवू नये, मुलांना ते लगेच कळते. त्याला पहिले राज्य किंवा पहिला खेळ निवडण्याचा मान द्यावा.

दोन तासांचा क्रम कसा असावा?

पहिली वीस मिनिटे मुले येत राहतात. तेव्हा फुगा हवेत ठेवण्यासारखा, कधीही सामील होता येईल असा खेळ हवा. पुढची चाळीस मिनिटे बेटे, लिंबू-चमचा असे हालचालीचे खेळ. मग पार्सल किंवा आवाज ओळखण्याचा बैठा खेळ, म्हणजे श्वास खाली बसतो. त्यानंतर केक आणि खाणे. खाऊन झाल्यावर उड्या-पळापळ नको, अंताक्षरी किंवा ताटातल्या वस्तू घ्याव्यात. तासाला चार खेळ पुरतात, एखादा राखीव ठेवावा. एका मोठ्या माणसाने खेळ घ्यायचे आणि दुसऱ्याने फक्त दाराकडे व स्वयंपाकघराकडे लक्ष ठेवायचे.

बाहेर खेळायचे असेल तर?

कोपरखैरणेत जुन्या कचराभूमीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या निसर्ग उद्यानासह महापालिकेची उद्याने आहेत. लगोरी, रुमाल पळवणे, विषामृत यांची खरी मजा मोकळ्या जागेतच येते. मात्र उद्यानात केक कापता येतो का, वेळ काय, हे आधी विचारून घ्यावे आणि कचरा परत आणावा. गच्चीवर खेळायचे तर कठडा पुरेसा उंच हवा आणि खेळ बसून खेळण्याचाच हवा.

कोणती काळजी घ्यावी?

फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचलावेत, लहान मुलांच्या घशात ते अडकू शकतात. तीन वर्षांखालील मुले असतील तर गोट्या, मणी, शेंगदाणे लांब ठेवावेत. गॅसच्या फुग्यांत हायड्रोजन भरलेला असेल तर तो ज्योतीजवळ पेट घेतो. फेसाचे स्प्रेही पेटू शकतात. मेणबत्ती पेटलेली असताना हे दोन्ही जवळ नकोत.

आवाजाबाबत २००० चे ध्वनिप्रदूषण नियम लागू आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. घरगुती वाढदिवसाला त्याची गरजही पडत नाही. शेजारच्या काकूंना सकाळीच सांगून ठेवावे आणि त्यांच्या नातवालाही बोलवावे. सोळाच्या जागी सतरा मुले झाली तरी बेटांच्या खेळात कोणाची जागा कमी पडत नाही.