तुंगचा उकार, खंडाळ्याचा अनुस्वार

संपादकांचा प्रश्न असा होता : संग्रहालये, न्यास, नाट्यसंस्था आणि आर्किटेक्ट एवढीच गिऱ्हाइके धरून चालणारा दोन-तीन माणसांचा ग्राफिक डिझाइन स्टुडिओ मावळात बसून चालवता येईल का? बघून या आणि लिहा. प्रश्न धंद्याचा होता. पण लोणावळ्याला उतरल्यापासून माझी नजर पाट्यांवरून हटेना, त्यामुळे या लेखात धंदा थोडा आणि अक्षरे जास्त आली आहेत.

जागेचे म्हणाल तर अडचण काही नाही. 2002 साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यापासून मुंबईचा आर्किटेक्ट सकाळी निघून साइट बघून रात्री घरी परततो. छापखाने पुण्यात, पत्रा कापणारी लेझर यंत्रे भोसरी-चाकणला. सांस्कृतिक गिऱ्हाईक म्हणावे असेही पुष्कळ आहे. कैवल्यधाम ही योगसंस्था 1924 पासून लोणावळ्यात आहे आणि ‘योगमीमांसा’ हे त्यांचे नियतकालिक त्याच वर्षीचे. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी एका दिवसात फिरून होतात. लोहगड तर जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारसा ठरले, त्यांतला हा मावळातला. जागतिक वारसा म्हटले की माहितीफलक आले, नकाशे आले, पुस्तिका आल्या. कोणीतरी ते आखायचे.

हे ‘कोणीतरी’ आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. कमल शेडगे टाइम्स ऑफ इंडियाच्या कला विभागात नोकरीला होते, आणि मराठी नाटकांची शीर्षके त्यांच्या हातून उतरत. वर्तमानपत्रातल्या चार बोटांच्या जाहिरातीत नाटकाचे नाव बघितले की ते रडवणारे आहे की हसवणारे, हे वाचण्याआधी कळायचे. नाट्यसंस्थांसाठी एकट्या माणसाने चालवलेला तो स्टुडिओच होता. जुलै 2020 मध्ये ते गेले. र. कृ. जोशी (1936-2008) जाहिरात क्षेत्रातून आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवायला गेले आणि विंडोजमधला ‘मंगल’ हा फाँट त्यांच्या हातचा. तुम्ही संगणकावर मराठी वाचली असेल तर बहुधा त्यांचे अक्षर वाचलेच आहे, नाव ऐकलेले नसले तरी. पुण्यात 1989 साली अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेतून शिकून आलेल्या मंडळींनी ‘एलेफंट’ ही डिझाइन कंपनी सुरू केली. ती पुढे बरीच मोठी झाली, पण मुख्यतः कंपन्यांच्या आणि वस्तूंच्या वेष्टनांच्या कामावर. स्टुडिओंचा इतिहास इथेच आटोपतो. मावळातल्या अक्षरांचा मात्र फार जुना आहे.

कार्ल्याच्या चैत्यगृहात गेलात तर स्तूपाकडे बघण्याआधी खांब बघा. दान देणाऱ्यांची नावे खांबांवर कोरलेली आहेत. धेनुकाकट या गावचे बरेच जण, त्यांत स्वतःला यवन म्हणवणारेही. ओसरीत वैजयंती नगरीच्या भूतपाल श्रेष्ठीचा लेख आहे. हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे, असे तो स्वतःच सांगतो. देणगीदारांची भाषा दोन हजार वर्षांत फारशी बदललेली दिसत नाही! पण माझे लक्ष अक्षरांच्या बसण्यावर होते. ही ब्राह्मी. प्रत्येक अक्षर सुटे, स्वतःच्या पायावर उभे. कोरणाऱ्याला एकेक अक्षर छिन्नीखाली घेता येत होते आणि पृष्ठभाग म्हणजे खांबच. वेगळी पाटी नाही, खिळे नाहीत, इमारत झाल्यावर ‘आता नावाचे बघू’ हा प्रकार नाही.

पुढे अक्षरांच्या डोक्यावर छोटी आडवी रेघ आली, वाढत गेली आणि देवनागरीत शेजारच्या रेघेला जाऊन मिळाली. या शिरोरेषेने मला पुरते अडकवून ठेवले. कागदावर ती नुसती रेघ असते. भिंतीवर धातूची अक्षरे बसवायची वेळ आली की ती तुळई होते. रोमन अक्षरे एकेक कापून मागे पिना लावून बसवतात, एखादे बिघडले तर तेवढेच बदलतात. मराठी शब्द मात्र शिरोरेषेला अख्खा टांगलेला असतो. ‘ग’ किंवा ‘ण’ शिरोरेषेवाचून कापून बघा, त्याचे दोन तुकडे होतात. म्हणून शब्द अखंड पत्र्यात कापायचा. फायदा असा की तो मजबूत होतो आणि पिना कमी लागतात. तोटा असा की एक वेलांटी चुकली की संपूर्ण शब्द भंगारात.

आर्किटेक्ट मंडळींना अक्षरे विरळ लावण्याचा मोह असतो. लांब भिंत, त्यावर ऐसपैस पसरलेले इंग्रजी नाव, हे त्यांना शोभून दिसते. मग खाली मराठी तेवढ्याच लांबीत बसवायला सांगतात. मराठी अक्षरांमध्ये अंतर घातले की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. रेघ ताणून तेवढी मोकळी जागा झाकावी, तर ते अक्षर राहत नाही, कुंपण होते. इथे आर्किटेक्टला ‘नाही’ म्हणता आले पाहिजे, आणि छोट्या स्टुडिओचे खरे भांडवल तेच.

दुसरे भांडण उंचीचे. इंग्रजीतली मोठ्या लिपीतली अक्षरे एका पट्टीत बसतात. मराठीला शिरोरेषेच्या वर एक मजला लागतो आणि खाली एक. मावळ तालुका तर यासाठी मुद्दाम वसवल्यासारखा आहे. ‘तुंग’ हे गडाचे नाव लिहायचे तर वर अनुस्वार आणि खाली उकार, दोन्ही एकाच अक्षराला. ‘कार्ले’मध्ये एका ‘ल’च्या डोक्यावर मात्रा आणि रफार दोघे बसतात. ‘खंडाळा’चा अनुस्वार हा कशालाच न चिकटलेले टिंब, त्याला स्वतःची पिन हवी, नाहीतर एखाद्या पावसाळ्यात गाव ‘खडाळा’ व्हायचे. नकाशावर आर्किटेक्टने पाटीची पट्टी इंग्रजीच्या मापाने आखलेली असते, मग मात्रा आत बसवण्यासाठी मराठी दाबून बारीक करतात. दुकाने आणि आस्थापनांच्या कायद्यात 2022 मध्ये दुरुस्ती झाली, छोट्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली आणि मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नकोत असे ठरले. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. पण लहान-मोठे मोजायचे कुठून कुठे? मात्रेसकट मोजले तर पाटी कायद्यात बसते आणि डोळ्याला मराठी बारीकच दिसते. मोजणी शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत झाली पाहिजे, असे माझे मत.

आणि ‘ल’. लोणावळा, लोहगड, लेणी, कार्ले, मळवली : या भागात ‘ल’ टाळून पाटी रंगवताच येत नाही. 6 नोव्हेंबर 2009 च्या शासन निर्णयाने मराठीचा ‘ल’ पाकळीयुक्त आणि ‘श’ देठयुक्त ठरवून दिला आहे. चांगल्या फाँटमध्ये मराठी आणि हिंदी दोन्ही वळणे असतात. पण सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडायचे राहिले, तर गुपचूप हिंदी वळण उमटते. जुन्या हाताने रंगवणाऱ्या पेंटरच्या हातून हे कधी झाले नसते. त्याला शाळेत पाटीवर गिरवलेला एकच ‘ल’ येत होता.

फाँटची टंचाई मात्र आता राहिलेली नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘मुक्ता’, ‘बलू’, ‘मोदक’, ‘अनेक’ असे देवनागरीचे फाँट काढले आणि ते कुणालाही फुकट वापरता येतात. ‘मोदक’ तर इतका गुबगुबीत की अक्षरांच्या आत हवा जेमतेम शिरते. छोट्या स्टुडिओवर हे मोठे उपकार आहेत.

अडचणी सांगायला बसलो तर इथून पुढे दुसरे काही उरत नाही. पहिली, मजकूर. गिऱ्हाइकाकडून तो येतो युनिकोडपूर्व श्रीलिपी फाँटच्या फाइलमध्ये, नाहीतर व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोत. युनिकोडमध्ये उघडला की अक्षरांच्या जागी चिन्हांची रांगोळी. तो पुन्हा टाइप करायचा. पुस्तक जुळवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांचा पर्याय चालू केला नाही, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरे सुटतात. तपासायला मराठी वाचणारा माणूस लागतो, आणि त्याचे पैसे कोटेशनमध्ये कोणी धरत नाही.

दुसरी, पाऊस. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक कोसळतो. साधे लोखंड गंजते आणि गंजाचे ओघळ भिंतीवर उतरतात, चिकटवलेले व्हिनाइल कडेने सुटते, फ्लेक्स दुसऱ्या वर्षी फाटतो. टिकाऊ ते महाग. महाग ते निविदेत पडते, कारण निविदा सर्वांत कमी दराची. लेणी आणि लोहगड पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली. 2010 च्या दुरुस्तीनंतर वास्तूपासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या दोनशे मीटरवर परवानगीची अट. पाटी लावायला कातळात भोक पाडण्याचा विचारही करू नये, हे योग्यच आहे. तिने स्वतःच्या बैठकीवर उभे राहायला हवे, वाऱ्यात टिकायला हवे आणि फोटोच्या आड येता कामा नये. हे आखायला डोके लागते, पण दरपत्रकात डोक्याचा रकाना नसतो.

तिसरी अडचण सगळ्यांत जुनी : छापखाने. ‘छपाई आमच्याकडे करा, डिझाइन फुकट.’ एकदा हे ऐकलेल्या विश्वस्ताला डिझाइनचे वेगळे बिल, वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे लूट वाटते. तेही एका विश्वस्ताला नव्हे, अख्ख्या मंडळाला पटवायचे असते. एकाला भगवा रंग हवा, दुसऱ्याला संस्थापकांचा फोटो मोठा हवा. पैसे निघतात ते कार्यक्रम पार पडल्यावर, कधीतरी. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावीत असा कायदा आहे, आणि आता देणी थकवणाऱ्या कंपनीला आयकरात तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही. पण हा चाप धंद्याच्या उत्पन्नाला. देणग्यांवर चालणाऱ्या न्यासाला तो बोचत नाही. आर्किटेक्टही यात निर्दोष नाहीत. अंदाजपत्रकात पाट्या शेवटच्या पानावर असतात, आणि त्या पानापर्यंत पोहोचेतो पैसे फरशीत गेलेले असतात.

तेव्हा संपादकांना माझे उत्तर : स्टुडिओ चालेल, पण लेणी-गडांच्या पैशावर नाही. बंगल्यांच्या नावपाट्या आणि हॉटेलांची मेनूकार्डे घर चालवतील आणि त्यातून वेळ काढून एखादा कॅटलॉग, एखादा गडाचा फलक होईल. ज्याला हे मान्य असेल त्यानेच यावे.

आणि वाचकांपैकी कोणी विश्वस्त, आर्किटेक्ट किंवा ग्रामपंचायतीचे सदस्य असाल, तर एवढे करा : अक्षरे आखणाऱ्याला इमारतीच्या पहिल्या बैठकीला बोलवा, निम्मे पैसे आगाऊ द्या आणि मजकूर युनिकोडमध्ये पाठवा.