बोटीवरची वस्ती, हिमालयाची सावली

भिलाईपासून समुद्र शेकडो मैल दूर. तेथे १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली आणि नाना प्रांतांची माणसे एकमेकांची शेजारी झाली. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ (१९३९) या कादंबरीतील बोट हीही अशीच एक वस्ती. फक्त काही दिवसांची. प्रेमभंगाने कडवट झालेला चक्रधर हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यू हॅर्टाच्या प्रेमात पडतो. तो मुंबईस उतरतो. तिला मात्र उतरता येत नाही. पुढे ती समुद्रात जीव देते. एवढ्या लहान कादंबरीत एवढे मोठे जग मराठीत क्वचितच मावले असेल.

परोपकाराची झळ घराला कशी लागते, हे वसंत कानेटकरांच्या ‘हिमालयाची सावली’त (१९७२) दिसते. महर्षी कर्व्यांच्या चरित्रावरून सुचलेले नानासाहेब भानू सर्वस्व संस्थेला वाहतात. संसाराची ओढाताण बयो सोसते, आणि फटकळपणे बोलूनही दाखविते.